गोठाणावरचा रेडिओ आणि माझं पत्रक

गोदावरी, वय अकरा, टेकडीपलीकडच्या वस्तीतली गुरं राखणारी मुलगी. तिच्याबरोबर गुरांमागं जाणारी आणखी अकरा पोरं. आणि आमच्या गावच्या शाळेचे गुरुजी. या तेरा जणांवर सन १९५७ मध्ये, पोळा झाल्यानंतरच्या दुसऱ्या बुधवारी, सकाळी आठच्या सुमारास अन्याय झाला. तो मी केला. एक पानी पत्रक छापून, खाली स्वतःचं नाव घालून, पाराजवळ उभं राहून हातोहात वाटून केला.

पत्रक लिहायला मी अकोल्याला शिकलो. कॉलेजात वसतिगृहाच्या जेवणावरून चळवळ झाली तेव्हा आमचे पुढारी सांगत: पहिल्या ओळीत नाव घाला, दुसरीत वेळ घाला, शेवटी मागणी करा, मधे कोणाची भीड धरू नका. हाही कागद मी त्याच साच्यात लिहितो आहे, कारण दुसरा साचा मला येत नाही. फरक एकच. गुरुजींचं नाव यात नाही. ते मी एकदा छापलं आहे. आता त्यांना विचारल्याशिवाय पुन्हा छापणार नाही, आणि विचारायचं तोंड मला नाही.

आमची शाळा चार वर्गांची, दोन खोल्यांची, एका मास्तराची. सकाळी सात ते दहा आणि दुपारी दोन ते पाच. मी तिथं शिकलो तेव्हा इंग्रज जायचा होता. गुरुजी तेव्हा तिशीचे असतील. उंच, वाकलेले, धोतर पोटरीपर्यंत, आणि कानामागं कायम खडूचा तुकडा. शिंप्याच्या कानामागं पेन्सिल असते तसा. आंघोळीलासुद्धा तो काढत नसावेत असं आम्ही म्हणायचो. गावातली मोठी माणसं म्हणायची, "मास्तर भला हाय, पण थोडा सटकेल हाय." सटकेल का, तर हजेरीमुळं.

त्यांनी नाव पुकारलं की 'हजर' म्हणून चालत नसे. घरून शाळेत येताना स्वतःच्या डोळ्यांनी काय पाहिलं, ते एक सांगायचं. मग हजेरी लागायची.

"गुर्जी, पाटलाच्या कुत्रीनं चार पिल्ले देल्ली."

"मोजले काय?"

"नाही. आई सांगत होती."

"मंग आज तुही आई हजर हाय. तू गैरहजर. बस खाली."

मी एकदा सलग पाच दिवस वर्गात बसून गैरहजर होतो. जे सांगायचो ते कुणाचं तरी ऐकलेलं असायचं. सहाव्या दिवशी म्हणालो, आमच्या खळ्याजवळ बैलाच्या पाठीवर एक कावळा बसला आहे, तो डाव्या पायानं लंगडतो. गुरुजींनी पुस्तक मिटलं. चारही वर्ग घेऊन खळ्यावर आले. कावळा उडून गेला होता. पोरं हसली. कोणी म्हणालं, "गुर्जी, खोटं बोलला हा." गुरुजी बैलाची पाठ निरखत म्हणाले, "डावा पाय सांगतला त्यानं. खोटं बोलणारा डावा-उजवा सांगत नाही." आणि तिथंच, खळ्यात उभं राहून, माझी हजेरी लावली.

ही गोष्ट मी अकोल्यात मित्रांना किती वेळा सांगितली असेल. आमचे गुरुजी असे होते म्हणून छाती फुगवून सांगितली. सांगता येत होती, एवढंच.

त्यांची सायकल हा दुसरा विषय. त्या वेळी गावात एकच सायकल होती आणि ती गुरुजी चालवण्यापेक्षा उलटी जास्त ठेवत. त्रैराशिक शिकवायचं असलं की सायकल पटांगणात आणून पाठीवर झोपवायची. पुढच्या चाकीचे दात मोजा, मागच्या चाकीचे दात मोजा. आता पायंडल एकदा फिरवा. मागचं चाक किती वेळा फिरलं? टायरला खडूची खूण करून आम्ही मोजायचो. बाया पाणी भरायला जाताना म्हणायच्या, "मास्तरची सायकल निजली, म्हंजे शाळा भरली." एकदा साखळी काढून पोरांनाच चढवायला लावली. हात काळे झाले. घरी मार बसला. पण मला आजही गुणोत्तर म्हटलं की हाताला ग्रीसचा वास येतो. पुढं हायस्कुलात मास्तरांनी फळ्यावर तीन रेघा ओढून तेच शिकवलं, तेव्हा वर्गात मला एकट्यालाच ते आधी आलेलं होतं. मला वाटलं, मी हुशार आहे.

शाळेला रेडिओ आला तो पंचावन्न साली. सरकारकडून आला. गावात वीज नाही, तेव्हा विटेएवढ्या बॅटरीवर चालणारा संच. त्या दसऱ्याला मी सुट्टीत घरी होतो, म्हणून हे मी पाहिलेलं आहे. लोक नांगर, विळे, तराजू पुजतात तसे रेडिओ पुजायला शाळेत आले. हळद-कुंकू, आपट्याची पानं, आणि फोडायला नारळ. आता मास्तर चिडणार असं मला वाटलं. गुरुजींनी पेटीच्या लाकडाला कुंकू लावू दिलं, काचेला नाही. नारळ मात्र स्वतःच्या हातात घेतला, बाहेर नेला, आणि भिंतीजवळ जिथं रेडिओची एक तार जमिनीत पुरली होती तिथं फोडला. सगळं पाणी तारेपाशी ओतलं.

"देवाले चढलं काय मंग हे?" एका म्हातारीनं विचारलं.

"जमीन ओली राह्यली तर आवाज साफ येते, काकू. देव पेऊ दे का तार पेऊ दे, ओल सारखीच."

तेव्हापासून पोरांना काम लागलं. उन्हाळ्यात कार्यक्रमाच्या आधी प्रत्येकानं आपल्या पिण्याच्या पाण्यातलं थोडं तारेला घालायचं. घोटभर स्वतःला, घोटभर रेडिओला. जो घालत नाही त्याला ऐकायला बसता येत नसे.

शाळेत खुर्ची एकच. तिच्यावर रेडिओ ठेवायचा आणि गुरुजी पोरांत खाली मांडी घालून बसायचे. सरपंच एकदा म्हणाले, "मास्तर, लेकरात बसता, शोभते काय?" गुरुजी म्हणाले, "खुर्ची बोलणाऱ्याची. आज मी आयकणारा." पण ऐकणारा म्हणजे मुकाट ऐकणारा नव्हे. रेडिओ जोरात पुढं गेला की ते त्याला सांगायचे, "थांब बाप्पा, लेकरं मांगं राह्यले." रेडिओ थांबत नसे. मग ते सरळ आवाज बारीक करायचे, अर्ध्या गोष्टीत. "आता पुढं काय सांगत असन तो? सांगा." पोरं भांडायची, आपापला शेवट सांगायची. तोवर खरा शेवट निघून गेलेला. पोरं हळहळायची. गुरुजी नाही. ते म्हणायचे, "त्याचा शेवट त्याच्यापाशी. तुमचा तुमच्यापाशी राह्यला ना?"

दुसऱ्या गावांत शाळेत रेडिओ लावून मास्तर बाहेर तंबाखू मळत बसलेले मी पाहिले आहेत. पेटी बोलते, पोरं गप्प आहेत, झालं शिक्षण. हा माणूस पेटीशी भांडत शिकवत होता. ते मी दोन-तीनदा पाहिलं, हसलो, आणि सुट्टी संपली तशी अकोल्याला गेलो.

आता गोठाणाचं. गावाबाहेर दीड कोसावर, टेकडीपलीकडं, एक वस्ती आहे. दहा-बारा घरं. मोठी माणसं दिवाळीनंतर कामाला बाहेरगावी जातात, पावसाळ्यात परत येतात. पोरं लोकांची गुरं राखतात. ती शाळेत येत नाहीत, येणं शक्य नाही. दुपारी गुरं नाल्याकाठी झाडाखाली बसतात, त्या जागेला आमच्याकडं गोठाण म्हणतात. गुरं रवंथ करतात तेवढा दीड-दोन तास पोरं मोकळी. शाळेचीही तीच सुट्टी. रेडिओवर पोरांचा कार्यक्रमही दुपारीच. या तीन वेळा एकत्र जुळतात हे गावात फक्त एका माणसाच्या लक्षात आलं.

आठवड्यात तीन कार्यक्रम. दोन गावातल्या पोरांसाठी शाळेत. तिसरा, गुरुवारचा, गोठाणावर. गुरुजी संच गोधडीत गुंडाळायचे, सायकलच्या कॅरियरवर दोरीनं बांधायचे आणि सायकल हातात धरून दीड कोस पायी जायचे. बसून नाही, कारण गचके बसले तर आतल्या काचा फुटतील. तिथं एक तार पळसावर, एक तार नाल्याच्या ओल्या रेतीत. पाणी घालायची गरज नाही.

मला हे सगळं गोदावरीनं सांगितलं, नंतर. मी त्या वेळी पाहिलं असतं तर हा कागद लिहावा लागला नसता.

पहिल्या दिवशी तिनं गुरुजींना विचारलं होतं, "गुर्जी, थ्या पेटीतल्या माणसाले आपलं आयकू येते काय?"

"नाही येत."

"मंग आपल्याले काही पुसायचं असलं तं?"

"लिवा लागते. कार्डावर."

"आमाले येत नाही लिवता."

"मंग पुसू नका," गुरुजी म्हणाले आणि तारा गुंडाळून निघून आले.

पुढच्या गुरुवारी पोरांनी स्वतःच रेतीत बोटं घातली आणि म्हणाली, शिकवा. कार्डावर मावेल एवढं बारीक अक्षर यायला त्यांना दीड वर्ष लागलं. नागपूरच्या केंद्राला त्या गोठाणावरून कार्डं जात होती आणि आमच्या गावाला पत्ता नव्हता. गुरुजी पोरांच्या प्रश्नांची उत्तरं देत नसत. त्यांना येत असली तरी नाही. "ज्यानं सांगतलं त्याले पुस," एवढंच.

गावात मात्र दर गुरुवारी शाळेतली खुर्ची रिकामी दिसायची. कुणी म्हणालं, मास्तर रेडिओ शेलूबाजारला नेऊन हॉटेलात वाजवतो. कुणी म्हणालं, त्याच्या मेहुण्याच्या घरी नेतो. सरपंचांना कापसाचे भाव ऐकायला संच पंचायतीत हवा होता. ते काही म्हणाले नाहीत, फक्त मान हलवत राहिले. सत्तावन्न सालच्या पोळ्याला मी कॉलेज संपवून गावी आलो तेव्हा पारावर तीन जणांनी मला हे सांगितलं. तिघांनी सांगितलं, म्हणजे खरं. मी तेवीस वर्षांचा. अकोल्यात दुसऱ्यांच्या नावानं पत्रकं लिहिली होती. आपल्या गावात, आपल्या नावानं, पहिलं पत्रक निघणार होतं. हात शिवशिवत होते.

छापायला वाशीमला निघालो तो गुरुवारच होता. मजकूर खिशात. वेशीबाहेर गुरुजी भेटले. सायकल हातात, कॅरियरवर गोधडी.

"कवा आला रे?"

"चार दिवस झाले."

"कुठी निंगाला?"

"वाशीमले. काम हाय."

"मोटर तं दोन वाजताची हाय. चाल मायासंगं, टेकडीच्या तिकडं. एक गंमत दाखवतो."

"नाही गुर्जी. घाई हाय."

ते चार पावलं गेले आणि थांबले. "गोधडीत काय हाय पुसत नाही काय?"

मी म्हणालो, "माहीत हाय मले."

त्यांनी माझ्याकडं जरा वेळ पाहिलं. रागानं नाही. कार्यक्रमात आवाज अचानक खरखरायला लागला की ते पेटीकडं पाहत, तसं. मग सायकल ढकलत निघून गेले. मला आनंद झाला. आता तर मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. गोधडी पाहिली होती. वाशीमला छापखान्यात बसून मी मजकुरात एक ओळ वाढवली: 'प्रस्तुत लेखकाने हे स्वतः पाहिले आहे.'

पत्रकाचं डोकं असं होतं: 'शाळेचा रेडिओ कोणाच्या बापाचा?' खाली 'गोरगरिबांच्या लेकरांच्या ज्ञानाचा अपहार'. शेवटी मागणी: 'संच ताबडतोब पंचायतीच्या ताब्यात घेऊन कुलपात ठेवावा, ही समस्त गावाची मागणी.' समस्त गाव म्हणजे पारावरचे तीन आणि मी.

मागणी मान्य झाली. माझी आजवरची मान्य झालेली ती एकच मागणी. दुसऱ्याच दिवशी संच पंचायतीच्या कपाटात गेला. पंधरा दिवसांनी तालुक्याहून साहेब आले. त्यांनी विचारलं, संच इमारतीबाहेर नेला काय? गुरुजी म्हणाले, नेला. परवानगी घेतली काय? नाही घेतली. कशासाठी नेला हेही त्यांनी सांगितलं म्हणतात, पण नियमात गोठाण नाही. दसऱ्याच्या आत बदलीचा हुकूम आला. नोकरीच्या नोंदीत वाईट शेऱ्यासकट. माझं पत्रक त्या फायलीला टाचलेलं आहे.

दसऱ्यानंतरच्या एका गुरुवारी दुपारी मी शेलूबाजारला हॉटेलात दोन मित्रांबरोबर चहा पीत बसलो होतो. पत्रकाचंच कौतुक चाललं होतं. हॉटेलवाल्याचा रेडिओ सुरू होता. पोरांचा कार्यक्रम लागला तसा तो गाण्यांसाठी काटा फिरवायला उठला. तेवढ्यात निवेदक आमच्या गावाचं नाव बोलला. मी त्याचा हात धरला.

निवेदक वाचत होता: "या गावाजवळच्या वस्तीतून गोदावरी हिनं विचारलं आहे, मी गुरे राखते. आम्ही गुरांना मीठ चाटायला देतो, म्हणून मला मीठ माहीत आहे. तुम्ही सांगितले की ढग समुद्रातून येतात. समुद्राचे पाणी खारट आहे. मग पाऊस गोड का? आमचे गुरुजी गुरुवारी रेडिओ गोठाणावर आणतात, तेव्हा उत्तर गुरुवारीच सांगावे."

पुढं त्यानं उत्तर सांगितलं. ऊन पाणी उचलतं, मीठ उचलत नाही, मीठ खाली समुद्रात राहतं. सावकाश, छान सांगितलं. नागपूरच्या त्या माणसानं एका पोरीच्या सांगण्यावरून वार पाळला होता. आणि ज्या पेटीतून हे तिच्या कानावर पडायचं ती पेटी माझ्या मागणीवरून कुलपात होती.

मित्र म्हणाला, "तुमच्याच गावची पोरगी दिसते." मी चहा तसाच ठेवून उठलो.

वस्तीवर पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. गोदावरीचा बाप दाराशी बाज विणत होता. "बसा भाऊ," म्हणाला. पोरगी आतून आली. काटकुळी, डोक्याला फडकं बांधलेलं. तिनं मला नीट पाहून घेतलं.

"तुमीच काय कागद लिवणारे?"

मी हो म्हणालो. ती आत गेली आणि अंकलिपीच्या पुस्तकात घडी करून ठेवलेलं माझं पत्रक घेऊन आली. "मीनं वाचला सगळा. वस्तीतल्या साऱ्याइले वाचून दाखोला. एक शब्द नाही समजला. अपहार म्हंजे काय?"

गुरुजींनी रेतीत अक्षरं काढून तिला वाचायला शिकवलं, आणि अंकलिपीनंतर तिनं आयुष्यात वाचलेला पहिला छापील मजकूर माझा होता.

"दुसऱ्याची वस्तू गुपचूप नेणं," मी म्हणालो.

तिनं विचार केला. "मंग गुपचूप कुठी झालं? आमी बारा जण होतो ना थ्या ठिकाणी. गुरं होते. तुमी कुठी बसले होते, भाऊ?"

बाप म्हणाला, "चूप बस गोदे, पाव्हणे हाय." पण तो माझ्याकडं पाहत नव्हता. विणत राहिला.

मी माफी मागितली. लांबलचक मागितली, भाषण केल्यासारखी. पोरगी उभी राहून ऐकत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "गुर्जी येतीन काय परत?"  गुरं बांधायची वेळ झाली म्हणून ती उत्तराला न थांबता गेली.

दिवाळीनंतर मी गुरुजींकडं गेलो. बदली कामरगावकडं एका खेड्यात झाली होती. मोटारीनं कारंजा, तिथून पुढं दुसरी मोटार, मग चालत. शाळा म्हणजे देवळाची पडवी. गुरुजी पोरांबरोबर खाली बसून एक बंद पडलेलं गजराचं घड्याळ खोलत होते. प्रत्येक पोराच्या हातात एक चाक. मला पाहून म्हणाले, "ये. पाय सांभाळून, इस्क्रू सांडेल हायेत."

पोरं सुटेपर्यंत मी खांबाला टेकून बसलो. मग पाया पडलो आणि पुन्हा माफीचं सुरू केलं. त्यांनी मधेच हात वर केला.

"पत्रक चांगलं लिवलं तुवं. वाक्यं लहान. आडवळण नाही." मग म्हणाले, "लहान वाक्य मीनंच शिकवलं होतं. इतकं लागन असं वाटलं नव्हतं."

त्यांनी मला रागावावं म्हणून मी वाट पाहत होतो. मार खाल्ला असता. मी त्यांना रेडिओवरचं सांगितलं. गोदावरीचं नाव कसं आलं, प्रश्न कसा वाचला. तेव्हा मात्र ते गुडघ्यावर उठून बसले.

"उत्तर काय देल्लं त्यानं? मीठ खाली राह्यते, हे सांगतलं काय?"

"सांगतलं."

"साजरं सांगतलं?"

"हो."

"मंग गोदी काय म्हणे आयकून?"

मी सांडलेला एक इस्क्रू उचलला.

"तू गेलता ना तिच्यापाशी?"

"गेलतो."

"काय केलं मंग तिथी?"

"माफी मागितली."

"नि उत्तर?"

उत्तर मी सांगितलं नव्हतं. शेलूबाजारहून थेट तिच्याकडं गेलो होतो, उत्तर डोक्यात ताजं होतं, पोरगी समोर उभी होती, आणि मी स्वतःबद्दल बोलून परत आलो होतो. गुरुजींनी कानामागचा खडू काढला, बोटांत फिरवला, परत ठेवला.  शेवटी म्हणाले, "पोरगी दोन महिने झाले वाट पाहून राह्यली असन. तू इथी कायले बसला?"

जेवून जा म्हणालेसुद्धा नाहीत. मी उठलो.

गोदावरीला मी उत्तर सांगितलं. तिनं मान डोलावली आणि तिथल्या तिथं चुलीवर गाडग्यात मिठाचं पाणी ठेवलं, वर थाळी धरली, थाळीला जमलेले थेंब जिभेवर घेतले. "अळणी हाय," म्हणाली. मग एकेकाला चाखवले, कामाला बाहेरगावी निघायच्या तयारीत असलेल्या बापालाही. मला सगळ्यात शेवटी. मग म्हणाली, "दुसरा सवाल हाय माह्यापाशी. पण कार्ड कायले लिवू? उत्तर आयकायले पेटी कुठी हाय?"

पेटी पंचायतीच्या कपाटात आहे. किल्ली सरपंचांकडं. मी एकटा त्यांच्याकडं गेलो. वाईट बोलले नाहीत. पत्रक समोर ठेवून म्हणाले, "यात लिवलं हाय, समस्त गावाची मागणी. मी गावाचं आयकलं. आता तू एकटाच येऊन खोला म्हणतं. गावानं म्हणू दे, आत्ता खोलतो." गुरुजींच्या शेऱ्याबद्दल तालुक्याला अर्ज नेला, तिथंही तेच. तक्रार गावाच्या नावानं आहे, एका माणसाच्या सांगण्यावरून ती मागं घेता येत नाही. माझ्या खोट्याला एका सहीत गाव मिळालं. खऱ्याला मिळत नाही.

बॅटरी कपाटात पडून फुटते. एक उन्हाळा गेला की तिचा रस आतल्या तारा खाईल. वस्तीतली पोरं दीड वर्षात शिकलेलं अक्षर महिन्या-दोन महिन्यांत विसरू लागली आहेत. बारातल्या चौघांना आता आपलं नाव लिहिताना अडतं, हे मी गोठाणावर बसून त्यांच्याकडून रेतीत लिहवून घेतलं आहे. नवे मास्तर दर गुरुवारी चालत जायला तयार आहेत. संच द्या म्हणतात.

तेव्हा माझी मागणी. सरपंचांकडं नाही, तालुक्याकडं नाही. तुमच्याकडं, जे हा कागद आत्ता हातात धरून उभे आहात. माझं पहिलं पत्रक तुम्ही घेतलं होतं, वाचलं होतं, काही जणांनी 'बरं झालं' म्हटलं होतं. एकानंही मला विचारलं नाही की मी गोठाणावर गेलो होतो काय.

दोन अर्ज पंचायतीच्या ओट्यावर ठेवले आहेत. एक कपाट उघडण्याचा, एक गुरुजींचा शेरा काढून त्यांना परत आणण्याचा. येत्या सोमवारी सकाळी आठ वाजता तिथं या. सही येत नसेल तर अंगठा करा. बायांनीही यावं. माझ्यावर विश्वास नसेल, आणि नसावाच, तर आधी वस्तीवर जाऊन गोदावरीला भेटा आणि मग या. पण या. आणि सरपंचांनी किल्ली लावून संच बाहेर काढेपर्यंत ओट्यावरून उठू नका.